हातोडा पडायच्या आधी

आमच्या सोसायटीच्या मागच्या सर्वसाधारण सभेत विषय होता रिडेव्हलपमेंटचा, पण दीड तास गेला तो टेरेसवरच्या शेडवर. शेड म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारी सिमेंटचे पत्रे टाकून केलेली अडगळीची खोली, पार्किंगवरही तसेच पत्रे, आणि मागच्या डक्टमधले उभे जुने पाइप, तेही त्याच जातीचे. एका तरुण मेंबरने वाचलं होतं की या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असतं आणि त्याने कॅन्सर होतो, त्याचं म्हणणं उद्याच्या उद्या माणसं लावून सगळं उतरवून टाका. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा उठले, म्हणाले माझा अर्धा जन्म वाड्यात गेला, पन्नास वर्षं सिमेंटच्या पत्र्याखाली झोपलोय, मला काय झालं? शेवटी अध्यक्षांनी वाद मिटवला, कशाला डोकं लावताय, बिल्डर येणारच आहे, पाडताना तो बघून घेईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मते त्या सभेतलं सगळ्यात धोकादायक वाक्य हेच होतं, आणि त्याला कुणीच विरोध केला नाही.

हा वाद आमच्याच सोसायटीत नाही, पुण्यात जिथे जिथे जुनी घरं पाडायला निघालीत तिथे तो याच दोन टोकांवर अडकतो. एकजण म्हणतो विष आहे, दुसरा म्हणतो थोतांड आहे. माझं मत आत्ताच सांगून टाकतो. पत्रा डोक्यावर धड अवस्थेत पडून आहे तोवर त्याचा धोका कमी असतो, तो फुटतो, कापला जातो, घासला जातो तेव्हा वाढतो. त्यामुळे घराघरात शिरून तपासणी करत बसण्याची गरज नाही, पण कुठलंही जुनं बांधकाम पाडायची परवानगी देताना त्यात ॲसबेस्टॉस आहे का, असेल तर ते कोण, कसं उतरवणार आणि कुठे नेणार, हे लिहून घेतल्याशिवाय परवानगी देऊच नये. आणि त्याचा खर्च ज्याला त्या पाडकामातून पैसा मिळणार आहे त्याने करावा, पत्र्याखाली राहणाऱ्याने नाही.

आधी हे आहे काय ते बघू, कारण निम्मा गोंधळ नावाचाच आहे. आपण म्हणतो सिमेंटचा पत्रा, म्हणून लोकांना वाटतं सिमेंटच आहे की. त्यात साधारण आठ ते दहा टक्के ॲसबेस्टॉसचे तंतू असतात, बाकी सिमेंट. ॲसबेस्टॉस हे खनिज आहे, खाणीतून निघतं, जळत नाही, कुजत नाही, आणि ताण सोसतं म्हणून सिमेंटला त्याने बळकटी येते. ज्यांनी शाळेत स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्र ठेवून प्रयोग केलेत त्यांना तिवईवरची तारेची जाळी आठवत असेल, मधे पांढरा गोल असलेली, तो गोल म्हणजे ॲसबेस्टॉसच, आणि आम्ही पोरं तो नखाने खरवडायचो. अडचण अशी की या तंतूची एकेक काडी केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असते, डोळ्यांना दिसत नाही, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि शरीराला ती विरघळवताही येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. ज्या गुणामुळे पत्रा टिकतो त्याच गुणामुळे तंतू छातीत टिकतो. मग ॲसबेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुसं आतून कडक होत जाणं, फुप्फुसाचा कॅन्सर, आणि फुप्फुसावरच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा. हे सगळं व्हायला वीस ते पन्नास वर्षं लागू शकतात.

आता आजोबांचं म्हणणं. ते खोटं बोलत नव्हते, आणि त्यांना अडाणी ठरवणाऱ्यांनी विचार अर्धवट सोडलाय असं मला वाटतं. पत्र्यातले तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, धड पत्र्याखाली झोपणाऱ्या माणसाच्या श्वासात त्यातलं फारसं येत नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये हजाराहून जास्त घरांच्या छतात सुटं, पिंजलेल्या कापसासारखं ॲसबेस्टॉस भरलेलं निघालं आणि २०१४ मध्ये तिथल्या सरकारने ती घरं विकत घेऊन पाडायची योजना आणली, ते प्रकरण सांगून इथल्या प्रत्येक पत्र्याला घाबरवणं चूक आहे, तो माल वेगळा, हा वेगळा. घाबरून उद्या माणसं लावून पत्रे उतरवले तर जो धोका आज नाही तो आपणच तयार करू. तरुण मेंबरचं मन चांगलं होतं पण उपाय रोगापेक्षा वाईट होता.

पण आजोबांच्या बोलण्यातून पुढचा निष्कर्ष निघतो का? मला काही झालं नाही म्हणजे कुणालाच होत नाही? पत्रा शांत होता म्हणून त्यांना काही झालं नाही, आणि आता तो शांत राहणार नाहीये, हा फरकच त्या चर्चेत कुणी धरत नव्हतं. शिवाय पत्रा कायम शांत असतो हेही पूर्ण खरं नाही. दर मे महिन्यात पावसाच्या आधी आपण काय करतो? वर चढून तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतो, मग डांबर नाहीतर वॉटरप्रूफिंग मारतो. डिशचा खांब बसवायला ड्रिल मारतो, चिमणीचा पाइप काढायला ग्राइंडरने गोल कापतो, फुटलेला तुकडा हाताने मोडून खाली टाकतो आणि ती भुकटी कोरड्या झाडूने झाडतो. भारतीय मानक ब्यूरोने ॲसबेस्टॉस सिमेंटचा माल कसा हाताळावा याचं मानक १९८७ मध्येच काढलंय, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं हे कागदावर आहे, पण पत्रे बसवणाऱ्या एका तरी मिस्त्रीला कुणी ते सांगितलंय का?

मला हा विषय एवढा लागतो त्याचं कारण आमचा वाडा. नारायण पेठेतला, भाडेकरूंचा, मागच्या चौकात संडासांवर आणि वरच्या गॅलरीवर सिमेंटचे पत्रे, पावसात त्याचा आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. काही वर्षांपूर्वी तो पाडला. मी शेवटचा बघायला म्हणून गेलो होतो. दोघं वर उभे राहून घणाने पत्रे फोडत होते, तुकडे सरळ चौकात पडत होते, खाली बायका घमेल्यात भरून डोक्यावरून ट्रॅक्टरमध्ये टाकत होत्या, एकीचं लहान पोर तिथेच विटांच्या ढिगाच्या सावलीत गोधडीवर झोपलं होतं आणि त्या गोधडीवर करडी धूळ बसलेली स्पष्ट दिसत होती. कुणाच्या नाकाला फडक्यापलीकडे काही नव्हतं. मी तिथल्या मुकादमाला विचारलं, अहो हे पत्रे ॲसबेस्टॉसचे आहेत, पाणी तरी मारा. तो म्हणाला, नाही हो काका, साधं सिमेंट आहे. खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तेवढंच माहीत होतं. मी पुढे कुणाकडे तक्रार केली नाही. कुणाकडे करायची हे मला माहीत नव्हतं, आणि मला अजूनही वाटतं की मी तिथे उभं राहून काम थांबवायला हवं होतं. धड निघालेले चार-सहा पत्रे एक माणूस गोठ्यासाठी टेम्पोत घालून घेऊन गेला, बाकीचा राडारोडा नदीच्या बाजूला एका रस्त्याच्या भरावात गेला असं नंतर कळलं.

त्या मुकादमाला आणि त्या बायकांना त्रास होईल तो आणखी तीस वर्षांनी. तेव्हा त्या कुठे असतील? गावाकडे. खोकला लागेल, सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं सुरू होतील, आणि मृत्यूच्या दाखल्यावर श्वसनाचा आजार एवढं लिहिलं जाईल. म्हणून कुणी मला म्हणतं की ॲसबेस्टॉस एवढं वाईट असतं तर भारतात पेशंट का दिसत नाहीत, तेव्हा मी उलट विचारतो, ते दिसावेत अशी काही सोय आपण केली आहे का? वीसपंचवीस साइट बदललेला बिगारी माणूस, त्याची कुठे नोंद नाही, पीएफ नाही, एक्स-रे नाही, त्याने तीस वर्षांपूर्वी कुठला पत्रा फोडला ते कोण सिद्ध करणार? सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ॲसबेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं होतं की कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोवर जपून ठेवा. म्हणजे आजार चाळीस वर्षांनीही उगवू शकतो हे देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने धरून चालूनच निकाल दिला. पण तो आधार मिळाला कारखान्यातल्या कामगाराला, पाडकामावरचा मजूर कारखान्यात नसतोच.

ब्रिटनचं बघा. तिथे रॉचडेलच्या कारखान्यात काम करणारी नेली केरशॉ १९२४ मध्ये वारली, ॲसबेस्टॉसमुळे झालेला मृत्यू म्हणून वैद्यकीय लिखाणात नोंद झालेली ती पहिल्या काहींपैकी एक. कारखान्यांसाठी नियम १९३१ मध्ये आले. पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं. आणि बंदीला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी तिथे आजही दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मेसोथेलिओमाने मरतात. आज दिसणारे आकडे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कामाचे असतात, त्यामुळे आज आकडा लहान आहे म्हणून निवांत राहणं म्हणजे धरण भरत असताना नदी कोरडी आहे म्हणून पात्रात झोपडी बांधणं. पानशेतचं धरण फुटलं तो १२ जुलै १९६१ पुण्याने बघितलाय, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

जपानचं उदाहरण तर अजून जवळचं. आमागासाकी शहरात एका कारखान्यात ॲसबेस्टॉस सिमेंटचे पाइप बनायचे, ते काम १९७५ ला थांबलं. २००५ मध्ये उघड झालं की कामगार तर मेलेच, पण आजूबाजूला नुसते राहणारे, कारखान्यात कधी पाऊल न ठेवलेले लोकही मेसोथेलिओमाने आजारी पडलेत. तिथे निळं ॲसबेस्टॉस वापरायचे, ते जास्त घातक, आणि इथल्या पत्र्यांत मुख्यतः असतं त्या पांढऱ्या ॲसबेस्टॉसची बाजू घेणारे हा मुद्दा काढतात. मुद्दा अर्धा बरोबर आहे. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळं पांढऱ्यापेक्षा वाईट हे खरंच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था पांढऱ्यासकट सगळ्या जातींना माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकते, आणि कमी वाईट म्हणजे चांगलं नव्हे. त्यात बिडीही ओढणाऱ्या माणसाला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि पाडकामाच्या साइटवर बिडी न ओढणारा माणूस शोधून दाखवा.

तपासणीला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो, तो म्हणजे नको ती तपासणी, इन्स्पेक्टर येणार, हात पुढे करणार, पैसे घेऊन सर्टिफिकेट देणार, आणि गरिबाच्या घरावरचा पत्रा तेवढा बेकायदा ठरणार. ही भीती हवेतली नाही. पर्वती पायथ्याला, दांडेकर पुलाच्या वस्तीत, येरवड्यात माणूस सिमेंटचा पत्रा टाकतो तो हौस म्हणून नाही, लोखंडी पत्रा मे महिन्यात भट्टी होतो आणि गंजतो, स्लॅब परवडत नाही. त्याला नोटीस देऊन काय मिळणार? आणि पुण्याला घरतपासणीचा अनुभव जुना आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग खरा होता, माणसं खरीच मरत होती, तपासायची गरजही खरी होती, पण रँडने गोरे सोजिर घरात घुसवले, देवघरात बूट गेले, बायकांच्या अब्रूवर हात गेला, सामान रस्त्यावर जाळलं, आणि लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी गोळ्या झाडल्या ते त्यातून आलं. पण त्याच प्लेगमध्ये, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले रोग्यांना स्वतः उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच १० मार्चला गेल्या. तिथे लोक रोगी लपवत नव्हते. रोग एकच, शहर एकच, लोकांनी एकाला दार लावलं आणि दुसरीला उघडलं. मग गरीब माणूस तपासणीला घाबरतो म्हणून तपासणीच नको, असं म्हणणारे यातलं अर्धंच का आठवतात?

म्हणून मी घराघरातल्या तपासणीच्या बाजूचा नाही. ज्या जागेला आज ना उद्या कागद काढावाच लागणार आहे तिथेच हे बसवा. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावंच लागतं, दर पावसाळ्याआधी पेठांमधल्या धोकादायक वाड्यांना कॉर्पोरेशनच्या नोटिसा जातातच. त्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवायचे, सिमेंटचे पत्रे आहेत का आणि सिमेंटचे पाइप किंवा टाकी आहे का. ज्या इंजिनीअरला कॉलममधली गंजलेली सळई कळते त्याला पत्रा ओळखायला अडचण नाही, शंका असली तर अंगठ्याएवढा तुकडा ओला करून, पिशवीत बंद करून लॅबला द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतो. जपानमध्ये ठराविक आकारापेक्षा मोठं पाडकाम करताना ॲसबेस्टॉसची तपासणी करून त्याचा रिपोर्ट सरकारला द्यावा लागतो, तो नियम २०२२ पासून आहे. आपल्याकडे झाड तोडायलाही परवानगी लागते ना?

उतरवण्याच्या कामात रॉकेट सायन्स नाही. पत्रा आधी चांगला भिजवायचा, पत्रा धरून ठेवणारे जे-बोल्ट कापायचे नाहीत तर सोडवायचे, गंजले असतील तर तेल मारून सोडवायचे, पत्रा अख्खा खाली घ्यायचा, फोडायचा नाही, ग्राइंडर अजिबात लावायचा नाही, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून वर चिकटपट्टी मारून लिहायचं आत काय आहे ते. माणसांना फडकं नाही, बारीक कण अडवणारा चांगला मास्क, आणि अंगावरचे कपडे घरी न्यायचे नाहीत, कारण नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायका या आजाराने गेल्याच्या नोंदी जगभर आहेत. शेवटी हा माल राडारोड्यात जाता कामा नये. घातक कचऱ्यासाठी रांजणगावला वेगळी साइट आहे, तिथे जावा आणि त्याची पावती यावी. यात दिवस जास्त लागतील, खर्च वाढेल, हे मान्य. पण ज्या प्लॉटवर अकरा मजले चढणार आहेत तिथे दहा-पंधरा पत्रे नीट उतरवायच्या खर्चाने कुणाचं गणित बिघडतं हे मला कुणीतरी मांडून दाखवावं. वस्तीतल्या माणसाच्या पत्र्याचं मात्र कॉर्पोरेशनने स्वतः करावं, उचलायला गाडी आणि बदल्यात दुसरा पत्रा, फुकट. दंडाची भीती घातली तर तो रात्रीत फोडून नदीत टाकेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

कुणी म्हणेल ज्या देशात हा माल अजून कायदेशीर विकला जातो तिथे पाडतानाच एवढी काळजी कशाला. साठाहून जास्त देशांनी बंदी घातलीय, आपण घातलेली नाही, आपल्या खाणी बंद आणि रशियाकडून आयात चालू, हे मला चूकच वाटतं. पण बंदीचा निर्णय दिल्लीत व्हायचाय, आणि तो उद्या झाला तरी पुण्यातल्या छपरांवर आधीच असलेला पत्रा जादूने नाहीसा होणार नाही. उलट तेव्हा सगळे एकदम उतरवायला धावतील. २००६ मध्ये फ्रान्सची क्लेमांसो नावाची जुनी युद्धनौका गुजरातमध्ये अलंगला तोडायला येत होती, तिच्यात ॲसबेस्टॉस आहे म्हणून आपल्याकडे केवढं रान उठलं, सुप्रीम कोर्टाने ती आपल्या हद्दीत येऊ दिली नाही आणि फ्रान्सला ती परत न्यावी लागली. तेव्हा आपण सगळे म्हणालो की आमच्या मजुराची छाती तुमच्या कचऱ्यासाठी नाही. बरोबरच म्हणालो. मग नारायण पेठेतल्या चौकात घमेलं उचलणारी बाई कुणाची मजूर आहे?

सभेनंतर मी आणि तो तरुण मेंबर, आम्ही दोघांनी बसून एका पानाचं पत्र केलं. बिल्डरशी करार करताना तीन गोष्टी लिहून घ्यायच्या, पाडायच्या आधी ॲसबेस्टॉसची तपासणी आणि तिचा रिपोर्ट सोसायटीला, पत्रे आणि पाइप भिजवून अख्खे उतरवणं, आणि घातक कचऱ्याच्या साइटची पावती मिळाल्याशिवाय पाडकामाचा पुढचा टप्पा सुरू न करणं. तोवर टेरेसवर कुणी ब्रश मारायचा नाही, ड्रिल करायचं नाही. आजोबांनी पत्र दोनदा वाचलं आणि पहिली सही त्यांनी केली. बिल्डरच्या माणसाने पहिल्या दोन अटींना हो म्हटलंय, पावतीच्या अटीवर तो म्हणतो की असं आजवर कुणी मागितलेलं नाही. पुढची मीटिंग येत्या रविवारी आहे, आणि आम्ही ती अट सोडणार नाही.